गोदामात चोवीस अंश

११ फेब्रुवारी

परवा नांदेडला, आलोकदादाच्या रंगीत माशांच्या दुकानात, माझ्या कॉलेजातल्या विशाखानं काचेच्या टाकीत हात घालून कात्रीनं शेवाळाचा एक पुंजका कापला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. पुढं कुणी विचारलं तर तारीख सापडावी म्हणून ही डायरी सुरू करून राहिलो.

ती म्हणाली, "हे पाण्यातलं आहे, पण पाण्याबाहेरही वाढतं. उलट बाहेर लवकर वाढतं. ओल पाहिजे आणि गारवा. वीस ते पंचवीस अंश."

मी म्हणालो, "मी वाढवतो."

"तू? तुला स्वतःला कधी पंचवीसच्या खाली बघितलं नाही मी."

आलोकदादा तिचा चुलतभाऊ. तो म्हणाला, "जाळीवर नीट धरलेलं, हिरवंगार, मे संपायच्या आत आण. जेवढं आणशील तेवढं घेतो. पुण्याहून मागवतो तर अर्धं वाटेतच शिजतं."

विशाखा बसस्टँडपर्यंत सोबत आली. म्हणाली, "माझी परीक्षा झाली की घरी स्थळं बघणं सुरू होणार. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. मुलगा काय करतो?"

"मग?"

"मग काय. सांगून ठेवलं तुला."

हे तिनं मला का सांगितलं, यावर अहमदपूर येईपर्यंत विचार केला. बहुतेक ती काळजीत आहे.

मी सध्या काही करत नाही. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी माझी फाईल फेकली, मी सरांचं डस्टर फेकलं. फाईल आधी फेकली गेली होती, पण हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. मेच्या आत मी काहीतरी करत असलो पाहिजे. विशाखा हातातून जायची नसेल तर दुसरा रस्ता नाही.

१६ फेब्रुवारी

शेवाळ कात्रीनं बारीक केलं, कोथिंबिरीसारखं. प्लास्टिकच्या जाळीवर पसरलं, खाली ट्रेमध्ये ओला स्पंज, वरून काच. गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवलं. वायरवाला थर्मामीटर आत सोडलाय. बावीस अंश. अव्वा, म्हणजे माझी आई, वर येऊन बघून गेली. म्हणाली, "टाकी धुतल्यावर हेच काढून फेकतो की आपण."

अव्वाला हा धंदा समजावून सांगितला नाही.

२७ फेब्रुवारी

सावली सरकते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. दुपारी काचेवर ऊन आलं. आत सत्तेचाळीस. झाकण काढलं तर पालकाच्या भाजीचा वास.

ट्रे लाथ मारून उडवला. मग गोळा केला.

विशाखाला फोन केला. ती म्हणाली, "काचेनं ओल टिकते, पण ऊन पडलं की तीच भट्टी. जागा बदल." दुसऱ्या दिवशी तिनं नांदेड-लातूर गाडीच्या कंडक्टरकडं डबी पाठवली. डबीवर रुमाल ओला करून गुंडाळला होता. रुमाल तिचाच आहे. परत मागितला नाही. विसरली असेल.

४ मार्च

सगळ्या लातुरात गार जागा शोधली तर आमच्याच आडतीमागं निघाली. वडिलांचं, अप्पांचं गोदाम. दगडी भिंती, उंच पत्रा, खाली शहाबादी फरशी. बाहेर पस्तीस असलं तरी आत सत्तावीस.

पण उन्हाळ्यात तिथं बियाणं असतं. अप्पांचा धंदा आडतीचा, पण नाव बियाण्याचं. मुरुडचे भीमाण्णा दरवर्षी निवडून सोयाबीन देतात, अप्पा ते जूनपर्यंत सांभाळतात, आणि ओळखीचे लोक डोळे झाकून नेऊन पेरतात. पेरलेलं उगवलं नाही असं आजवर झालं नाही, म्हणून अप्पांना बाजारात मान आहे. माझा विषय निघाला की लोक तोच मान ठेवून गप्प बसतात.

अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "किती दिवस?"

"मेपर्यंत."

"कॉलेजबी चार वर्सं म्हणाला होतास."

अप्पांनी किल्ली दिली. "दारापासचा कोपरा घे. बियाण्याला हात लावायचा न्हाई."

९ मार्च

ट्रे ठेवायला मांडणी पाहिजे होती. गोदामात लाकडी फळ्या पडून होत्या, त्या ठोकून तीन मजली मांडणी केली. चांगली झालीय. ट्यूबलाईट लावली.

दुपारी दुसरीकडं ठेवलेलं बियाणं इथं आणलं. सिद्धराम हमालानं पहिलं पोतं पाठीवर घेऊनच विचारलं, "मल्लूशेठ, फळ्या कुटं गेल्या?"

"मांडणीला लागल्या."

"पोत्यांची थापी फळ्यांवर लावायची अस्ती."

"फरशी कोरडी हाय की."

"आज कोरडी हाय."

"सिद्धराम, तू लाव."

"लावतो की. माझ्या काय बापाचं बियाणं हाय?"

लावली. भिंतीला टेकवून, पार वरपर्यंत. अप्पा देवणीला लग्नाला गेले होते, त्यामुळं कटकट झाली नाही.

२५ मार्च

बाहेर अडतीस. आत तीस. शेवाळाची टोकं पिवळी पडू लागली.

आज दिवसभर राबलो. मांडणीला ओली गोणपाटं टांगली. फरशीवर बादल्या ओतल्या, सकाळी आणि संध्याकाळी. घरचा कूलर आणला, अव्वा भांडली, तरी आणला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही खिडक्या आणि मागचं दार लावून फटींत पोती कोंबली.

संध्याकाळी सव्वीस. भट्टीच्या गावात मी सव्वीस करून दाखवलं.

२ एप्रिल

चोवीस! शेवाळ जाळीतून वर आलं. पोपटी टोकं, ओळीनं उभी. फोटो पाठवला.

विशाखाचा मेसेज आला: "फार छान. टोकं वर वळलीत म्हणजे उजेड पुरतोय. तू वेळेवर जेवतोस का?"

पहिल्या दोन वाक्यांवरून तिचा जीव शेवाळात किती अडकलाय ते दिसतं. तिसरं बहुतेक दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतं.

१२ एप्रिल

कूलर चालू, गोणपाटं ओली, तरी सत्तावीस. परवा सव्वीस होतं. उन्हाळा वाढून राहिलाय. पाणी दुप्पट केलं. आता फरशी वाळतच नाही, म्हणजे चांगलं आहे.

अप्पा आत डोकावले. "वास कसला येतोय?"

"शेवाळाचा."

"आंबूस येतोय."

"शेवाळ आंबूसच असतं, अप्पा."

खरं म्हणजे शेवाळाला वास नाही. पण तेवढ्यावरून त्यांना आत घेऊन सगळं दाखवत बसणं माझ्या जिवावर आलं.

विशाखा हल्ली रोज फोन करते. तापमान विचारते. मी सांगतो. मग ती अर्धा तास दुसरंच काहीतरी बोलत बसते, मैत्रिणीचं, परीक्षेचं, त्यांच्या मांजरीचं. एकदाही म्हणाली नाही की मल्लिनाथ, तू मला आवडतोस. शेवाळापुरताच संबंध आहे, हे मी मनाला रोज बजावून राहिलो.

१९ एप्रिल

काल अवकाळी झाला, गारा पडल्या. सकाळी अंगणात तेवीस अंश. अव्वा शाल घेऊन बसली.

गोदामात एकतीस.

तीनदा बघितलं. थर्मामीटर तोंडात धरून बघितला, बरोबर आहे. बाहेर तेवीस, आत कूलर लावून एकतीस. हे आपोआप होत नाही. हे कुणीतरी करून राहिलंय.

आदर्श. माझा चुलतभाऊ. मी कॉलेजात असताना अप्पांच्या गादीवर बसायला लागला तो उठलाच नाही. गोदामाची दुसरी किल्ली त्याच्याकडं असते.

२० एप्रिल

आदर्शला बाजारात सगळ्यांसमोर विचारलं. "माझा कूलर काहून बंद करतोस?"

तो म्हणाला, "तुझा कूलर? काकूचा हाय तो."

"शेवाळ तापवायला काय केलास सांग."

"मल्ल्या, मी तुझं शेवाळ तापवायला बसलोय का इथं? शेंगदाण्यासारखं भाजतो वाटतं मी ते?"

लोक हसले. मी त्याची कॉलर धरली. बटण तुटलं. सिद्धराम मधे पडला आणि आम्हाला दोघांना दोन पोत्यांसारखं दोन्हीकडं सरकवलं. अप्पा गादीवरून बघत होते. आदर्शनं बटण शोधलं, खिशात घातलं आणि परत हिशोबाला बसला.

किल्ली काढून घेतलीय त्याच्याकडून. आता बघू.

२६ एप्रिल

किल्ली माझ्याकडं. तापमान बत्तीस. शेवाळ तपकिरी पडून राहिलंय.

विशाखानं विचारलं, "सगळीकडून?"

"न्हाई, एका बाजूनं. पोत्यांच्या बाजूचे ट्रे जास्त."

"पोत्यांत काय आहे?"

"बियाणं. ते काय करणार? पडून हाय."

तिनं मांडणी आणि पोत्यांमधलं अंतर विचारलं. मग म्हणाली, "खोलीच्या चारी कोपऱ्यांत मोज. मला लगेच सांग."

२७ एप्रिल

दारापाशी एकोणतीस. मागच्या दाराजवळ तीस. मांडणीजवळ बत्तीस. थापीच्या मागं, भिंतीच्या फटीत, छत्तीस.

वाटलं आदर्शनं तिथं मागं काहीतरी पेटवून ठेवलंय. दोन पोत्यांच्या मधे हात घातला. हात आत गेला तसा गरम लागला, ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखा. थर्मामीटरची वायर खालच्या पोत्यात खुपसली. एक्केचाळीस.

पोत्यात काही लपवलेलं नव्हतं. सोयाबीन होतं. बुडाचं पोतं ओलं होतं, दाणे फुगलेले, बोटाला बुरशी लागली.

कूलर बंद केला. मग चालू केला. मग परत बंद केला. दारापाशी दोन ट्रे अजून हिरवे आहेत.

विशाखाला फोन करून चारी आकडे सांगितले. पाचवा सांगितला नाही.

२९ एप्रिल

कूलर चालू आहे.

विचार असा केला: जे झालं ते झालं, बंद करून वाळणार थोडंच? दोन ट्रेंपासून मेअखेर सहा होतील. ते आलोकदादाला पोचले की मग अप्पांना सांगता येईल. तोवर मी काहीतरी करत असेन आणि काहीतरी करणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात.

अप्पांनी आज उगवण बघायला घेतली. मे लागायच्या सुमारास ते दरवर्षी घेतात. थापीतून दाणे काढले, गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीनं शंभर दाणे मांडले, गुंडाळी केली आणि गादीशेजारी ठेवली. येता-जाता तिच्यावर पाणी शिंपडतात, कुणाला हात लावू देत नाहीत. मी माझ्या ट्रेवर शिंपडतो तसंच. दोघंही एकाच दुकानात बसून गोणपाटाला पाणी घालतोय.

जेवण जात नाही.

४ मे

अप्पांनी गुंडाळी उलगडली. मोजलं. परत मोजलं. आदर्शला मोजायला लावलं. अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली असलं तर अप्पा विकत नाहीत.

अप्पांनी भीमाण्णांना फोन लावला. अप्पांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, बाजारातली सवय.

"भीमाण्णा, औंदा काय दिलाव ओ तुमी?"

"दर साली देतो तेच की. काय झालं?"

"निम्मंबी उगवलं न्हाई."

"असं कसं? भरताना मी स्वतः बघितलोय. नव्वदीच्या वर होतं."

"मग काय माझं गोदाम खोटं बोलतंय?"

"तसं न्हाई ओ. पर मी इतकी वर्सं..."

"इतकी वर्सं इतकी वर्सं करू नगा. डोळ्यानं बघितलोय मी. लोकांना काय सांगू? भीमानं जुनं मिसळलं म्हणून सांगू?"

मग भीमाण्णा हळूच म्हणाले, "तुमी म्हणताव तर तसं. औंदापासनं दुसरा कुणी बघा."

बोललो नाही तर दोन ट्रे वाचत होते. मी बोललो. ठरवून बोललो असं म्हणवत नाही, तोंडातून गेलं. माझं सगळं असंच जातं.

"अण्णा, फोन ठिवू नगा. बियाणं तुमचं चांगलंच होतं. आमच्यात खराब झालं."

"कोण बोलतंय?"

"मल्लिनाथ."

"कॉलेज सोडलेला?"

"हाव."

"काय केलास?"

"गोदामात शेवाळ वाढवलो. ते गार रहावं म्हणून फरशीवर पाणी मारलो, कूलर लावलो, खिडक्या बंद केलो. पोत्याखालच्या फळ्या मीच काढलो. पोती भिजून आतनं तापलीत."

"शेवाळ? हौदातलं?"

"तसलंच. जरा महागाचं."

"ते विकत घेतेत?"

"मासेवाले घेतेत."

"मासे खातेत?"

"खात न्हाईत. शोभेला असतंय."

मग भीमाण्णा अप्पांना म्हणाले, "ईश्वरप्पा, पोरगं काय म्हणून राहिलं ओ?"

अप्पा म्हणाले, "मलाबी आत्ताच कळून राहिलंय."

मग अप्पांनी फोन उचलून कानाला लावला. स्पीकर बंद केला. पहिल्यांदाच बघितलं. पाठ करून बोलले, त्यामुळं ऐकू आलं नाही. वळले तेव्हा मला म्हणाले, "कूलर बंद कर." एवढंच.

त्यांनी हात उचलला असता तर मला काय करायचं ते कळलं असतं.

५ मे

सगळी थापी उतरवली. सिद्धराम, त्याचे दोघं, मी आणि आदर्श. वरची पोती चांगली निघाली, खालची आणि भिंतीकडची गेली. चांगलं बियाणं शेडमध्ये सावलीत पसरलं. उन्हात पसरलं तर साल तडकते, आदर्श म्हणाला. मी ऐकून घेतलं. वाईट झालेलं वेगळं काढलं.

अप्पा म्हणाले, "दारं-खिडक्या उघडा सगळ्या. वारं लागू द्या."

मागचं दार उघडायला मीच गेलो. फटीतली पोती ओढली आणि बेचाळीसची झळ आरपार घुसली. दुपारपर्यंत फरशी खडखडीत. शेवाळ त्याआधीच. जाळीवर हात फिरवला तर चहापत्तीसारखं खाली पडलं.

आदर्शला म्हणालो, "त्या दिवशीचं... शर्टाचं."

"लावलोय बटण," तो म्हणाला. "पोतं धर."

८ मे

भीमाण्णांनी निरोप पाठवला होता की घरात थोडं बियाणं ठेवलंय, ते घेऊन जा, पण पोरगा यायला पाहिजे, ईश्वरप्पानं यायचं नाही.

टेम्पो घेऊन मुरुडला गेलो. वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी ताक दिलं. सगळ्या गल्लीला बोलावून म्हणाले, "ह्यो बघा, शेवाळवाला." एकानं विचारलं, आमच्या विहिरीतलं चालतंय का, ट्रॅक्टर भरून देतो. दुसरा म्हणाला, बैलाला चारलं तर दूध देतंय का. मी एकालाही उलट बोललो नाही. डोक्यात आलं होतं, पण ताक पीत होतो.

पोती मी एकट्यानं भरली. निघताना भीमाण्णा म्हणाले, "लोकांकडं कोण जाणार हाय सांगायला? औंदा कमी मिळंल म्हणून?"

"मीच."

"काय सांगशील?"

"झालं ते."

"शेवाळाचं नगं सांगू. उगं हसतेत. पाणी शिरलं म्हण."

"पाणी मीच मारलो की."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग टेम्पोवर थाप मारली.

१६ मे

आठवडा गावं फिरण्यात गेला. काहींनी हसून घेतलं, काहींनी तोंड फिरवलं, एकानं चहा पाजून मग शिव्या दिल्या. आज मांडणी मोडली. फळ्या वाळवून परत खाली अंथरल्या, वर नवी थापी लावली.

पोती तापल्याचं आणि भीमाण्णांच्या फोनचं विशाखाला तेव्हाच कळवलं होतं. आज तिची परीक्षा संपली. फोन आला. मी म्हणालो, "आलोकदादाला सांग, शेवाळ न्हाई. काहीच राहिलं न्हाई." मग पाचवा आकडाही सांगितला, आणि तो लपवून कूलर चालू ठेवला तेही.

ती म्हणाली, "कळलं होतं मला. तू आकडे सांगताना एवढा शांत कधी नसतोस." मग म्हणाली, "तू येऊन सांग. रविवारी. दुकानात नाही, घरी."

"घरी कशाला?"

"बाबा आहेत घरी."

"बाबांना शेवाळाचं काय?"

"मल्लिनाथ, तिसऱ्या वर्षापर्यंत तू खरंच पास होत आलास?"

"एक विषय राहिला होता. ते जाऊ दे. मी काय करतो म्हणून विचारलं तर?"

"तर झालं ते सांग. मी सांगितलंय त्यांना, गोदामाचं सगळं."

"पोती तापली तेबी?"

"तेच आधी सांगितलं. आणि भीमाण्णांना फोनवर काय बोललास ते."

का सांगितलं असेल, कळत नाही. तिचे बाबा मास्तर आहेत, वाचन दांडगं. बियाण्यात रस असेल.

१८ मे, रविवार

अव्वानं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. "कुटं निघालास?"

"नांदेडला. शेवाळ न्हाई म्हणून सांगायला."

"फोनवर सांग की."

"ती म्हणाली, घरी येऊन सांग."

अव्वा हसली. एवढी हसली की अप्पा आतून बाहेर आले. अव्वा त्यांच्या कानात काहीतरी बोलली. अप्पा माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "चपला बदल." आणि परत आत गेले. "कूलर बंद कर" म्हणाले त्यानंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यात राग कुठं होता ते शोधून राहिलो, सापडला नाही.

चपला बदलल्या. न्यायला काही नाही. रिकाम्या हातानं जाऊन, नाही म्हणून सांगून, पाणी पिऊन परत यायचं, एवढंच काम आहे. तरी छातीत धडधडतंय. उन्हानं असेल.

गाडीची वेळ झाली. वही मिटतो. बाहेर किती अंश आहे ते मोजलेलं नाही. अव्वा स्वयंपाकघरातून ओरडून राहिली, झळा आत येतात, दार लावून जा.

लावतो.